दहानंतर कोर्ट बंद

पेशन्स ठेव, पेशन्स ठेव असं मला पहिलं मूल झाल्यापासून सगळ्यांनी सांगितलंय, पण पेशन्स ठेव म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास डोंबिवली स्टेशनला उतरायचं, शेअर रिक्षाच्या लाईनीत उभं राहायचं, वाटेत भाजी घ्यायची आणि घरी पोचलं की दारातच धाकटा 'आई ताईने माझं खोडरबर घेतलं' म्हणून भोकाड पसरतो, मोठी आतल्या खोलीचं दार लावून बसलेली असते, आजीची बीपीची गोळी संपलेली असते आणि शाळेच्या ग्रुपवर उद्या मुलांना हिरवे कपडे घालून पाठवा असा मेसेज येऊन पडलेला असतो. अशा वेळी संयम, समजूतदारपणा वगैरे मोठे शब्द सुचत नाहीत हो. कामाला येतं ते एखादं छोटं वाक्य, आधीच ठरवून ठेवलेलं, जिभेवर बसलेलं, ज्याच्यासाठी डोकं चालवावं लागत नाही.

अशी काही वाक्यं माझ्याकडे हळूहळू जमलीयेत. काही सासूबाईंची आहेत (त्यांना मी आई म्हणते, मुलं आजी म्हणतात), एक नवऱ्याचं आहे, एकदोन वाचनातून आलीयेत, काही आमची आम्हीच बनवलेली. सगळ्यांना एकच अट, वाक्य स्वतःला सांगायचं, मुलांना ऐकवायचं नाही. मुलांना ऐकवायला लागलं की त्याचं लेक्चर होतं, आणि मुलं लेक्चरच्या पहिल्या दोन शब्दांतच कान बंद करतात हे ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जुनं वाक्य आईंचं, आधी पोटोबा मग विठोबा. म्हण सगळ्यांना माहितीये पण आई ती वापरतात कशी ते बघण्यासारखं आहे. धाकटा शाळेतून रडत आला, कोणाशी मारामारी झाली, वही हरवली, बाईंनी शेरा दिला, काहीही असो, आई आधी एक अक्षर विचारत नाहीत. हातपाय धुवायला लावतात आणि समोर वाटी ठेवतात, कधी दूधपोहे, कधी फोडणीची पोळी, कधी नुसते गूळ-शेंगदाणे. तो खातो. अर्धी वाटी संपली की स्वतःच बोलायला लागतो, आणि बरेचदा जे बोलतो ते दारातल्या रडण्यापेक्षा वेगळंच निघतं. खोडरबराचं रडणं खरं तर खोडरबराचं नसतं, डबा नीट खाल्लेला नसतो किंवा बेस्ट फ्रेंड आज दुसऱ्याच्या बाकावर बसलेला असतो. भुकेल्या मुलाला 'काय झालं, का झालं, तू काय केलंस' विचारण्यात काही अर्थ नाही, त्याला स्वतःलाच ते नीट माहीत नसतं.

हे वाक्य मी मोठ्यांनाही लावते. नवरा शिफ्ट संपवून आला की चहा आणि काहीतरी खाणं होईपर्यंत मेंटेनन्सचं बिल, गॅसचा नंबर, कोणाच्या लग्नाला जायचं हे विषय काढायचे नाहीत. आणि मला स्वतःलाही. ट्रेनमधे बॅगेत राजगिऱ्याचा लाडू ठेवते, डोंबिवली यायच्या आत खाते. घरी पोचल्यावर माझा आवाज कसा निघतो त्यात या लाडवाचा मोठा हात आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता नवऱ्याचं वाक्य, ज्याच्यावर हे सगळं घर उभंय असं मी म्हणेन: दहानंतर कोर्ट बंद.

म्हणजे रात्री दहाच्या पुढे आमच्या घरात कुठलाही निर्णय होत नाही. ट्रिपला जाऊ का, नवीन मोबाईल कधी, क्लास सोडू का, गणितात इतके कमी का पडले, तू मला असं का म्हणालीस, यातलं काहीही दहानंतर चालत नाही. कोणीही विषय काढला तर दुसऱ्याने फक्त 'कोर्ट बंद' म्हणायचं आणि समोरच्याने थांबायचं. मुलांना हे म्हणायचा हक्क आहे, आणि मोठीने तो तिच्या बाबावर वापरलाय सुद्धा, तो परीक्षेचं टाईमटेबल घेऊन बसला होता तेव्हा. तो गप उठला आणि टाईमटेबल फ्रिजवर ठेवून आला. मला त्याचा फार अभिमान वाटला त्या दिवशी, कारण मोठ्यांनी नियम पाळला नाही तर तो नियम राहत नाही, नुसती मोठ्यांची सत्ता राहते.

दहाच का, तर त्यालाही कारण आहे. मोठी आठवीत, तिची शाळा सकाळची, पावणेसहाला उठावं लागतं. तिच्या वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी आणि धाकट्याच्या वयात ९ ते १२ तास, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. आता पावणेसहातून ८ तास मागे जा, पावणेदहा येतात. म्हणजे दहाला तिच्याशी वाद घालणं म्हणजे तिच्या झोपेतनं वेळ काढून वाद घालणं. शिवाय त्या वेळेला आम्ही मोठे पण थकलेले असतो, आणि थकलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'नाही' हेच सुचतं. रात्री दिलेलं 'नाही' सकाळी मागे घेता येत नाही, घेतलं तर पोरांना कळतं की रडून काम होतं. त्यापेक्षा उत्तरच न दिलेलं बरं.

अर्थात काही गोष्टींना हा नियम लागू नाही. कोणी आजारी असेल, कोणी घाबरलं असेल, शाळेत कोणी त्रास देत असेल, कोणाला नुसतं रडायचं असेल, तर रात्री दोन वाजताही उठवायचं. हे आम्ही दोघा मुलांना अगदी स्पष्ट सांगितलंय आणि अधूनमधून पुन्हा सांगतो, कारण नाहीतर त्यांना वाटायचं की रात्री आईबाबांशी बोलायचंच नाही. निर्णय बंद, माया चालू. हे वाक्य नाहीये, पण असायला हरकत नाही.

मग कोर्ट उघडतं कधी, तर रविवारी, पोहे खाऊन झाल्यावर. परत पोटोबा. सगळ्यात लहान माणूस आधी बोलतो, आजी सगळ्यात शेवटी, कारण आजी आधी बोलल्या तर बाकी कोणी उलट बोलणार नाही. मोठीचा इन्स्टाग्रामचा विषय असाच कितीतरी रविवार चालला. तिच्या वर्गात बऱ्याच जणींचं अकाऊंट आहे, १३ वर्षं पूर्ण झाली की त्या ॲपवर अकाऊंट उघडता येतं, ते तिने आम्हाला दाखवलं. आम्ही तिला दाखवलं की २०२३ च्या डेटाच्या कायद्यात आपल्याकडे १८ च्या आतलं कोणीही मूलच धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची परवानगी लागते असं लिहिलंय. ती म्हणाली मग द्या ना परवानगी. मुद्दा बरोबर होता. शेवटी ठरलं की अकाऊंट नववीत गेल्यावर, प्रायव्हेट, आणि फोन रात्री हॉलमधे चार्जिंगला, आम्हा दोघांचे पण. हाच विषय एखाद्या बुधवारी रात्री साडेदहाला निघाला असता तर दार आपटणं, तू माझ्यावर विश्वासच ठेवत नाहीस, आमच्या वेळी असं नव्हतं, सगळं झालं असतं आणि ठरलं काहीच नसतं.

सकाळचं वाक्य अगदी लहान आहे: सकाळी शिकवण नाही. सकाळी फक्त उठणं, आवरणं, डबा, दप्तर, निघणं. काल बेसिनपाशी ब्रश का टाकलास, अक्षर असं का काढतोस, हे सगळं खरं असलं तरी सकाळी नाही. धाकट्याच्या बाबतीत आता सकाळ थोडी सैल झालीये कारण शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत निर्णय काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, लहान मुलांची झोप होत नाही म्हणून. ज्यांनी दुसरी-तिसरीतल्या पोराला पावसाळ्यातल्या काळोखात उठवून व्हॅनमधे बसवलंय त्यांना या निर्णयाची किंमत विचारा. पण तोवर मी निघून गेलेली असते, त्याला आजी तयार करतात, आणि आजींनी सकाळी न शिकवण्याचं वाक्य मान्य केलंय. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने सवय बदलणं ही साधी गोष्ट नाहीये, मी त्यांना तसं सांगितलं पण.

आता थोडं अशा एका वाक्याबद्दल जे मी घरात येऊ देत नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. माझ्या लहानपणी हे शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असायचं आणि नातेवाईकांच्या तोंडी तर कायम. स्वतःच्या कष्टांबद्दल बोलताना ही म्हण सुंदर आहे, पण मोठी माणसं ती मुलांना मारायच्या आधी किंवा मारून झाल्यावर वापरतात, तिथे मला ती अजिबात पटत नाही. दगडाला दुखत नाही. मुलाला दुखतं आणि त्याच्या लक्षात राहतं, का मारलं ते विसरतं आणि कोणी मारलं ते राहतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलंय, कायदा २००९ चा आहे. म्हणजे बाईंनी एक चापट मारली तर आपण शाळेत जाऊन जाब विचारू शकतो, आणि घरी मात्र तीच चापट वळण लावणं होते? मला हे कधीच समजलेलं नाही. आमच्या घरात हात उचलायचा नाही हे लग्नाच्या आधीच दोघांचं ठरलं होतं, मुलं व्हायच्या आधी. ज्यांचं अजून ठरलेलं नाहीये त्यांनी आज बसून ठरवा, कारण रागाच्या क्षणी ते ठरत नाही.

पुढचं वाक्य पुरेसं म्हणजे पुष्कळ. हे मूळचं माझं नाही. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले मुलांचे डॉक्टर होते, मनोविश्लेषकही होते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बीबीसी रेडिओवर आयांसाठी बोलायचे. १९५३ च्या एका लेखात त्यांनी पुरेशा चांगल्या आईबद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बाळ अगदी तान्हं असताना आई जवळजवळ सगळं त्याच्या गरजेप्रमाणे करते, मग ते मोठं होत जातं तशी ती हळूहळू थोडी कमी पडत जाते, बाळाला जेवढं झेपेल तेवढीच, आणि या थोडं थोडं कमी पडण्यातूनच मुलाला कळतं की जग म्हणजे मी नाही, बाहेर दुसरी माणसं आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाळंतपणाच्या रजेनंतर नुकतीच बँकेत परत रुजू झाले होते, मोठी घरी आईंकडे, मला दिवसभर काउंटरवर बसून रडू यायचं. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या डॉक्टरांनी मला जो आधार दिला तो जवळच्या कितीतरी माणसांना देता आला नाही.

तर पुरेसं म्हणजे पुष्कळ. डब्यात रोज नवीन पदार्थ नको, पोळीला तूप-गूळ लावून गुंडाळी केली तर ते जेवण आहे. वाढदिवसाला घरी आठ पोरं, भेळ, केक आणि सोसायटीच्या आवारात लपंडाव हा वाढदिवस आहे. शाळेचा प्रोजेक्ट मुलाच्या हाताने वेडावाकडा झाला तर तो प्रोजेक्ट आहे. या प्रोजेक्टवर मला जरा बोलायचंय. आमच्याकडे स्टेशनरीच्या दुकानात ज्वालामुखीपासून पवनचक्कीपर्यंत सगळी मॉडेल तयार मिळतात, आणि जिथे तयार नाही घेत तिथे आईबाबा रात्री बसून करतात, मूल शेजारी झोपलेलं. मग वर्गात सगळी मॉडेल एकसारखी देखणी आणि कुठल्याच मुलाला त्यातलं काही सांगता येत नाही. मी चार्ट पेपर, गोंद, पुठ्ठा आणून देते, कात्री चालवायला लागली तर शेजारी बसते, बाकी हात लावत नाही. धाकट्याने पाणी वाचवा म्हणून केलेल्या नळाला चार तोंडं होती, कारण त्याच्या मते घरात चार माणसांना घाई असते आणि आजीला कधीच घाई नसते. बाईंनी ते वर्गात लावलं.

व्हॉट्सॲपवरचे पालकांचे ग्रुप, अबॅकस, फोनिक्स, ऑलिंपियाड, कोडिंग, कोणाचं मूल कुठे कितवं आलं, याच्यासाठी ऐकावे जनाचे करावे मनाचे हे पुरतं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ग्रुप म्यूट करा.

मला जास्त लिहायचंय ते लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबद्दल, कारण मोठीच्या आताच्या वयात तिच्याशी वागताना मला सगळ्यात जास्त त्यांनी मदत केलीये. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, १९२६ मधे नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला, १९४५ ला त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ ला ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर, म्हणजे आमच्यापासून काही फार लांब नाही. तिथली आदिवासी मुलं शाळेत यायची नाहीत. यायची नाहीत कारण त्यांना गुरं राखायची असायची, धाकटी भावंडं सांभाळायची असायची. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, यांना शिक्षणाची गोडीच नाही. ताराबाई-अनुताईंनी शाळा मुलांकडे नेली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, आणि गुरं चरायला जातात तिथे कुरणात शाळा भरवली, कुरणशाळा. मुलं गुरांवर लक्ष ठेवत शिकायची.

यातून माझं वाक्य आलं, येत नसेल तर आपण जावं.

तेरा वर्षांची मुलगी हाक मारल्यावर येत नाही. 'इकडे ये, मला तुझ्याशी बोलायचंय' म्हटलं की ती येते पण बोलत नाही, हं, ओके, काही नाही, झालं. समोरासमोर बसवून प्रश्न विचारणं तिला उलटतपासणी वाटते. मग मी जाते. मटार घेऊन तिच्या खोलीत जाऊन बसते, सोलत बसते, काही विचारत नाही. ती पण चार शेंगा उचलते. दोघींची नजर मटारावर असते, एकमेकींकडे बघायची सक्ती नसते, आणि मग काय काय बाहेर येतं, कोण कोणाशी बोलत नाही, पीटीच्या तासाला पोटात दुखत होतं तेव्हा सरांना कसं सांगायचं कळलं नाही, एक मुलगा आवडतो पण तो फार शाईन मारतो. मी त्यातल्या एकाही वाक्यावर लगेच उत्तर देत नाही. थंडीत मटार, उन्हाळ्यात कोकमं फोडणं किंवा चिंचेतले चिंचोके काढणं, इतर वेळी धुतलेले कपडे घड्या घालायला तिच्या पलंगावर नेते. नवऱ्याची वेगळी जागा आहे, तो तिला क्लासवरून आणायला जातो आणि येताना स्कूटरवर ती मागे बसून बोलते. त्याला तिचा चेहरा दिसत नाही म्हणूनच ती बोलते असं मला वाटतं.

यासाठी वेळ लागतो हे खरंय. ज्या दिवशी शेवटच्या लोकलच्या गर्दीत चेपून येते त्या दिवशी मटार तसेच राहतात. पण घरात बाकी जे सगळं करतो त्यातलं काय सोडता येईल असं कोणी विचारलं तर मी हे शेवटी सोडेन.

काही वाक्यं वापरून संपतात पण. मुलं लहान होती तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना सारखं असं चालायचं, एकाला फुगा तर दुसऱ्याला फुगा. आता ते चालत नाही. धाकट्याचे बूट दर सहा महिन्याला फाटतात, मोठीला चष्मा लागलाय, तिला स्वतःचं कपाट हवंय जे कुलूपबंद होईल, आईंना गुडघ्यासाठी उंच कमोड बसवावा लागला. प्रत्येक वेळी दुसऱ्याला तेवढंच द्यायचं म्हटलं तर घर चालणार नाही आणि न्यायही होणार नाही. म्हणून आता ज्याला लागेल ते, आणि का लागलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. धाकट्याला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, तो आठ वर्षांचा आहे, त्याला कुलूप हवंय. एक लहान कुलूप त्याच्या खेळण्यांच्या पेटीला आणलंय, कारण त्याला लागत होतं.

गेल्या रविवारी मोठीने स्वतःचं एक वाक्य कोर्टात मांडलं. विचारल्याशिवाय सल्ला नाही. म्हणजे ती काही सांगत असेल तर आम्ही ऐकायचं, आणि तिने 'मी काय करू' असं विचारलं तरच काय कर ते सांगायचं. नवरा लगेच हो म्हणाला. आजी म्हणाल्या, मग मी दिवसभर बोलू काय? त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि आजींना गोष्टीच्या रूपात सल्ला द्यायची सवलत मिळाली. मी दोन अटी घातल्या, तब्येत आणि सुरक्षितता या दोन बाबतीत आम्ही न विचारता बोलणार. तिने मान्य केल्या. तिसरी पैशाची घातली, ती तिने फेटाळली, म्हणाली माझ्या खाऊच्या पैशांचं मला कळतं. तो मुद्दा पुढच्या रविवारवर ढकललाय, आणि आमच्या मोठ्या बाईसाहेब गेले काही दिवस एका जुन्या वहीत दिवाळीपासूनचा सगळा जमाखर्च लिहून काढतायत, मी जवळ गेले की वही मिटतात.